‘आधी कोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणाले, तर परत फिरू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ तीन आठवडे धड झोपलेला नाही, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून बसतो, शेजारी आपलं बोलणं रेकॉर्ड करतात म्हणतो, दोन दिवस जेवलेला नाही आणि डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतो. एका ठिकाणी चौकशीला गेलात, तर ‘आधी कोर्टाची ऑर्डर आणा, मग दाखल करून घेऊ’ असं सांगून परत पाठवलं. हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याही घरच्या माणसाच्या वेळी एका सरकारी खिडकीवर हेच ऐकवलं गेलं होतं, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच झालं.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा. पण दाखल करण्याच्या वाटा मला नीट माहीत आहेत, तेवढंच लिहितो.

आधी एक. भाऊ मरणाची भाषा करत असेल किंवा स्वतःला इजा करायला निघाला असेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली सगळी औषधं कुलपात टाका आणि थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. गाडी हवी असेल तर १०८.

आता त्या ऑर्डरबद्दल. १९८७च्या जुन्या कायद्यात दंडाधिकाऱ्यांच्या ‘रिसेप्शन ऑर्डर’ची, म्हणजे दाखल करून घेण्याच्या आदेशाची, वहिवाट होती. तो कायदा गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८पासून लागू आहे. त्यातल्या कलम ८९प्रमाणे पेशंट स्वतः संमती द्यायच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घेणाऱ्या माणसाच्या, अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. कोर्ट मध्ये कुठेही येत नाही. प्रतिनिधी आधी नेमलेला नसेल तर नातेवाईक हाच प्रतिनिधी धरला जातो, म्हणजे तुम्ही किंवा वडील. पेशंटला स्वतः कुणाला नेमायचं असेल तर साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो, स्टॅम्प पेपर लागत नाही. दंडाधिकाऱ्यांची वाट आजही कायद्यात आहे, पण ती वेगळ्या प्रसंगांसाठी, आणि तीही तपासणीपुरती, जास्तीत जास्त १० दिवसांची. घरचं माणूस अर्ज करायला समोर उभं असताना तिकडे पाठवणं चूक आहे. खिडकीवर शांतपणे ‘कलम ८९खाली अर्ज द्यायचाय’ एवढंच म्हणा. नाहीच ऐकलं तर खिडकीशी हुज्जत न घालता ड्युटीवरच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचंय म्हणा.

पण रुग्णालयाचीही बाजू आहे. कायदा कुणालाही उचलून आत टाकू देत नाही, आणि ते योग्यच आहे. मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक अशा दोघांनी, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत, पेशंटला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. आजार तितका तीव्र आहे आणि तीनपैकी एक गोष्ट आहे, असं त्यांना लिहावं लागतं: हल्ली स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, दुसऱ्यावर हिंसा किंवा तशी दहशत, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलंय की त्याला इजा व्हायचा धोका आहे. ‘फार त्रास देतो हो’ असं सांगितलंत तर यातलं काहीच सिद्ध होत नाही. बहुतेक घरं इथेच अडकतात.

म्हणून एक फुलस्केप घ्या आणि घरात काय घडतंय ते तारीखवार लिहा. किती वाजता झोपला, किती वाजता उठला. काय खाल्लं, पाणी किती प्यायला. काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तुमचा अर्थ न लावता. म्हणजे ‘संशयी झालाय’ असं नको, ‘मंगळवारी रात्री २ वाजता आईच्या हातातलं ताट उडवलं, म्हणाला यात विष आहे’ असं हवं. खाली चालू आणि जुनी औषधं, दारू-गांजा असेल तर तेही (लपवू नका), डोक्याला मार, फिट, थायरॉइड, घरात आणखी कुणाला असा आजार. एका पानाच्या वर नको. सरकारी ओपीडीत डॉक्टरकडे तुमच्यासाठी मोजकी मिनिटं असतात, आणि पेशंट त्यांच्यासमोर कित्येकदा अगदी नीट बोलतो. तेव्हा ते पानच तुमच्या बाजूनं बोलतं. सोबत दोघांची आधारकार्डं आणि जुन्या केसपेपरच्या झेरॉक्स.

कुठे जायचं? पुणे शहरात असाल तर ससूनचा मानसोपचार विभाग, पिंपरी-चिंचवडला वायसीएम रुग्णालय, त्याशिवाय औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच होत असेल तर आधी जनरल हॉस्पिटल. कारण ताप, साखर किंवा सोडियम बिघडणं, मेंदूचा संसर्ग यांनीही माणूस असंच भ्रमिष्ट बोलतो, आणि ते तपासायची सोय तिथे एका छताखाली असते. रोज पिणाऱ्यानं दारू एकदम सोडली तर पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरणं, भास, फिट येऊ शकतात. ती जिवावरची वेळ असते, तिथे कॅज्युअल्टीच. ओपीडीला जाणार असाल तर सकाळी लवकर, आणि दोघांनी जा: एक रांगेत, एक पेशंटजवळ. त्याला तास-दोन तास रांगेत उभं केलंत तर तो निघून जाईल.

पोलिसांची वेळ आली तर ११२ला काय सांगता त्यावर सगळं ठरतं. ‘भाऊ भांडतोय, मारतोय’ म्हणालात की ते घरगुती भांडण होतं; एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून दोन्ही बाजूंना समज देतात आणि परत पाठवतात. ‘मानसिक आजार आहे, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे, कलम १००खाली संरक्षणात घेऊन सरकारी रुग्णालयात न्या’ असं म्हणा. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे आणि अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही.

त्याला तयार करताना ‘तू आजारी आहेस’ इथून सुरुवात करू नका आणि रेकॉर्डिंग होतं की नाही यावर वाद तर अजिबात नको. झोप नाही हे त्यालाही मान्य असणार, झोपेसाठी डॉक्टरकडे जाऊ म्हणा. ते खोटंही नाही. ‘मावशीकडे जाऊ’ म्हणून फसवून नेलेला पेशंट पुढे कित्येक महिने गोळीवर विश्वास ठेवत नाही. चहात औषध कालवू नका. तो येतच नसेल तर तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरांशी बोला. न बघता ते गोळ्या लिहून देणार नाहीत, पण पुढचं कसं करायचं ते सांगतात. टेली-मानसवर, १४४१६ला, नातेवाइकालाही फोन करता येतो, मराठीत, चोवीस तास. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. गाडी मात्र ते पाठवत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या.

घरी गाडी घेऊन येतात, चार जण धरून नेतात, तीन महिने भेटायचं नाही म्हणतात, अशा खासगी केंद्रांच्या जाहिराती तुमच्या मोबाइलवर आता येऊ लागतील. हताश घरांच्या जिवावर चाललेला हा धंदा बघून संताप होतो. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचा कागद मागा. मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि कोणत्या वारी येतात ते विचारा. भेटायला बंदी असेल तर तिथे पाऊल ठेवू नका. व्यसनाचाच प्रश्न असता तर मी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सांगितलं असतं, पण तुमच्या वर्णनावरून तसं दिसत नाही.

आणि ज्या नातेवाइकांनी ‘बाहेरचं आहे’ किंवा ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ असं सुचवलंय, त्यांना खुशाल वाईट वाटू द्या.

नकार मिळालाच तर ‘पेशंटला आणलं होतं, तपासलं, दाखल का केलं नाही’ एवढं केसपेपरवर लिहून मागा. कागदावर कारण द्यायचं म्हटलं की पुष्कळदा उत्तर बदलतं. तरी अडवलं तर शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करायला ते मोफत वकील देतात.

दाखल झाल्यावर तुमचं काम संपत नाही. घरी सोडताना पुढच्या तारखेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या आणि डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स घ्या. बरं वाटलं की गोळ्या बंद करणं हे आजार उलटण्याचं नेहमीचं कारण, म्हणून महिनाभर तरी गोळी कुणासमोर घ्यायची ते आजच ठरवा. आणि तुम्ही व आई, दोघी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या, म्हणजे ‘सा’च्या, स्वमदत गटात जाऊन बसा. निदान काय निघेल ते डॉक्टर सांगतील, पण रात्री जागं कुणी राहायचं, शेजाऱ्यांना काय सांगायचं, हे तिथली घरं तुम्हाला कुठल्याही डॉक्टरपेक्षा नेमकं सांगतील.