महिन्याची पिल्लं जुन्या कोंबड्यांत सोडताना

ताई, सहा गावरान कोंबड्यांत बाजारातली महिन्याची पंधरा पिल्लं सोडली आणि दुसऱ्याच दिवशी दोघांची डोकी फुटली, असं तुम्ही लिहिलंय. ती दोन आधी बाजूला काढा. कोंबडीला रक्ताचा लाल ठिपका दिसला की ती तिथंच टोचत राहते, आणि एकीचं पाहून बाकीच्याही तुटून पडतात. हळद-खोबरेल लावा, खपली पडेपर्यंत बाकीच्या पिल्लांतही परत सोडू नका.

बाकीचीही आजच काढा. मी एकदा दीड महिन्याची सोडली होती. वावरातून येईस्तोवर एक पिल्लू कोठ्याच्या कोपऱ्यात भिंतीत तोंड खुपसून मेलेलं, डोक्याची कातडी पार सोललेली. तेव्हापासून अडीच-तीन महिन्यांची, अंगानं भरलेली झाल्याशिवाय मी सोडत नाही. आता आषाढ लागतोय, तुम्ही पोळ्यापर्यंत थांबा.

पहिले तीन आठवडे पिल्लं कोंबड्यांपासून लांबच ठेवा. बाजारातून मानमोडी, म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग, येते, आणि तुमच्याकडे दोन्ही मिसळून झालंय. हिरवी हगवण, मान वाकडी होणं, लंगडणं दिसलं की लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मानमोडीची आर टू बी लस सहा ते आठ आठवड्यांत देतात. एका कुपीत बऱ्याच पक्ष्यांचे डोस असतात, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की ताबडतोब संपवावी लागते, म्हणून शेजारची चार घरं मिळून आणा. पावसाळ्यात पाण्याच्या भांड्याखालचं ओलं कुटार रोज बदला, नाहीतर रक्ती हगवण लागते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना अजिबात नको. त्यात चुना जास्त असतो, पिल्लांच्या मूत्रपिंडावर जातो.

सोडायच्या आधीचे दोन आठवडे मधे जाळी. पऱ्हाटीचा कुड नको, एकमेकांना दिसलं पाहिजे. कोंबड्या जाळीशी येऊन टोचायच्या थांबल्या की अंधार पडल्यावर पिल्लं खुराड्यात बसवा. रात्री कोंबडीला नीट दिसत नाही, ती भांडत नाही. खरी मारामारी फटफटल्यावर होते, तेव्हा तुम्ही तिथं हजर पाहिजे. दाण्यापाण्याची भांडी दोन-तीन जागी ठेवा, आणि एक टोपलं विटांवर पालथं घाला, खालून फक्त पिल्लू शिरेल एवढीच फट सोडून. एखाद-दुसरी टोच बसणारच, मान कोणाची वर हे ठरेपर्यंत आठवडा जातो. पण एकच कोंबडी पिल्लाला कोपऱ्यात कोंडत असेल, तर पिल्लू काढू नका. त्या कोंबडीलाच चार दिवस डालग्याखाली झाका. परत येते तेव्हा तिचा रुबाब उतरलेला असतो.