हाताने बनवलेल्या लाकडी बॉलपेनात नवी रिफिल नीट का बसत नाही? दोष रिफिलचा की पेनाचा?

लेथवर कातलेल्या पेनात पहिली रिफिल व्यवस्थित चालली, पण नवी घातल्यापासून पेन बंद केलं तरी टोक थोडं बाहेरच राहतं, आणि दुसऱ्या एका पेनात लिहिताना टोक डुगडुगतं, असं तुम्ही लिहिलंय. दोष पेनाचा आहे. म्हणजे बनवणाऱ्याचा. एवढं ठामपणे सांगतो, कारण हीच चूक मी केली आहे, आणि ज्यांच्या सांगण्यावरून केली त्यांच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

आधी एक विचारतो. तुमची ती पहिली रिफिल कापलेली होती का? फेकली नसेल तर नव्या रिफिलीशेजारी उभी करून बघा.

कातकाम मला माझ्या काकांनी शिकवलं. त्यांचा हात असा की लाकडाचा छिलका लांब, सलग निघतो, मध्ये कुठे तुटत नाही. त्यांच्याकडे काम शिकत असताना मी आत्यासाठी शिसवीचं एक पेन केलं. ट्विस्टचं, म्हणजे फिरवून टोक आतबाहेर करायचं, पार्कर छापाची रिफिल घेणारं. आत्या रोज रात्री रोजनिशी लिहिते, म्हणून पेन जरा जाड, हाताला भरीव ठेवलं होतं. लाकडात पितळी नळी चिकटवून झाली आणि टोकं सपाट करायला घेतली. पितळ चमकलं की थांबायचं, हे मला माहीत होतं. पण एका कडेला लाकडाचा बारीक टवका उडाला होता, आणि तो घालवायच्या नादात मी कटर आणखी चार फेरे फिरवला. टवका गेला. त्याबरोबर नळीही कमी झाली.

पेन जोडल्यावर ते दिसलंच. बंद केलं तरी टोक बाहेर, नखाला लागेल एवढं. काकांना दाखवलं. ते म्हणाले, “रिफिलची शेपटी काप मिलिमीटरभर. कुणाला कळतंय?” शेपटी म्हणजे रिफिलचं मागचं टोक. मी ते ब्लेडने कापलं. पेन छान बंद व्हायला लागलं, आणि आत्याला दिलं.

काही महिन्यांनी तिच्याकडे गेलो तेव्हा पेन रोजनिशीत खोचलेलं होतं. टोकाला कागदाची पट्टी गुंडाळलेली, वरून रबर बँड. रोजनिशी ठेवायच्या कापडी पिशवीला आतून निळे डाग. रिफिल संपल्यावर तिने दुसरी आणून घातली होती, आणि ती अर्थातच पूर्ण लांबीची होती. तिची तक्रार काहीच नव्हती. म्हणाली, “लिहितं छान रे, बंद तेवढं होत नाही.” ते ऐकून मला जे वाटलं ते अजून तसंच वाटतं. आपण दिलेली वस्तू सांभाळून वापरता यावी म्हणून ती इतके दिवस कागदाच्या पट्ट्या गुंडाळत होती.

काकांना सांगितलं तर म्हणाले, “लाकूड आखडलं असणार. त्याला कोण काय करणार?”

इथे आमचं जुंपलं. लाकूड आखडतं, पण ते रुंदीत. वर्षवलयांच्या दिशेने ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत सहा-आठ टक्के आखडू शकतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, तेच आखडणं साधारण ०.१ ते ०.२ टक्के असतं. पेनाचा दांडा ६० मिमीचा धरला, तर अगदी ओल्यापासून कोरड्यापर्यंतही फरक पडला तर ०.१२ मिमी. पेनासाठी कुणी ओलं लाकूड घेत नाही, त्यामुळे खरा फरक त्याहून कितीतरी कमी. आणि आत पितळी नळी आहे, ती तर आखडतच नाही. सगळे भाग एकमेकांना टेकतात ते त्या नळीच्या लांबीवर. आत्याच्या पेनाची नळी मोजली, ठरल्या मापापेक्षा ०.९ मिमी कमी भरली. ते ०.९ मिमी माझ्या कटरने खाल्लं होतं, हवामानाने नाही. काकांना हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

दुरुस्तीला तासभरही लागला नाही. पेन ठोकून सुटं केलं, पितळी सळईतून ०.९ मिमी जाडीची रिंग कातली आणि कमी झालेल्या दांड्याच्या वरच्या टोकाला, मधल्या कड्याखाली बसवली. मग वेगवेगळ्या कंपन्यांच्या तीन रिफिली घालून उघडझाप करून बघितली, आणि तिन्ही बसल्यावरच पेन परत दिलं.

म्हणून तुमच्या पहिल्या पेनालाही हेच करा. बंद असताना टोक किती बाहेर आहे ते व्हर्नियरने मोजा आणि तेवढ्या जाडीची रिंग घाला, नाहीतर दांडा नवा करा. रिफिल कापू नका. कापलेली रिफिल पेन दुरुस्त करत नाही, दोष पुढच्या रिफिलीपर्यंत लपवते, आणि तोवर पेन तुमच्या हातात नसतं. दाबाखालची रिफिल असेल तर कापायचं मनातही आणू नका, तिच्यात नायट्रोजन भरलेला असतो.

पार्कर छापाच्या रिफिलचं माप ठरलेलं आहे. आयएसओ १२७५७ या आंतरराष्ट्रीय मानकात तो आकार जी टू म्हणून येतो, लांबी सुमारे ९८ मिमी, अंग सुमारे ६ मिमी. (पायलटची त्याच नावाची जेल रिफिल निराळी, ती सेंटिमीटरभराने लांब असते. नावावरून मागवू नका.) माप ठरलेलं असलं तरी कंपनीगणिक थोडा फरक पडतो. माझ्या डब्यातल्या रिफिलींत सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड यांच्यात ०.४ मिमी निघाला. तेवढा फरक पेनाने सोसलाच पाहिजे. नाही सोसला, तर ते पेन एकाच रिफिलीपुरतं केलेलं आहे.

नळी बिनचूक असूनही टोक नीट आतबाहेर होत नसेल, तर आत गोंद सांडलाय का ते बघा. उजेडासमोर धरून नळीतून आरपार पाहिलं की गोंदाचा बारीक गोळा दिसतो. गोल कानशीने खरवडा, पितळ कमी करू नका. मी आता चिकटवण्याआधी नळीची तोंडं मेणाने बुजवतो. स्प्रिंगही काढून बघा. रिफिल बदलताना ती टोकाच्या भागात तिरकी अडकते आणि माणूस तासभर लांबी मोजत बसतो.

पेनाच्या तयार सुट्या भागांचं किट न घेता सगळं स्वतः कातत असाल, तर शेपटीकडच्या आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकाची खोली ड्रिलच्या टोकापासून मोजू नका. ११८ अंशाच्या ड्रिलचं टोक शंकूसारखं असतं, आणि ६.२ मिमीच्या ड्रिलला तो शंकूच जवळपास १.९ मिमी उंच भरतो. रिफिलची शेपटी रुंद असल्यामुळे त्या शंकूच्या तोंडाशीच अडते, तळापर्यंत जात नाही. ९८ मिमी म्हणून केलेलं भोक रिफिलीला ९६ मिमीचंच मिळतं. हेही “लाकूड आखडलं” म्हणून खपवलेलं मी पाहिलंय.

डुगडुगणाऱ्या पेनाचं थोडक्यात. टोकाचं भोक त्या रिफिलीच्या टोकापेक्षा मोठं आहे. दुसऱ्या कंपनीची रिफिल घालून बघा, टोकाच्या जाडीत फरक असतो. तरी हललं तर टोकाचा भागच बदला. रिफिलीला टेप गुंडाळणं म्हणजे पुन्हा आत्याची कागदाची पट्टी.

आता दोन गोष्टी, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. वरचं सगळं पार्कर छापाच्या रिफिलीबद्दल आहे. सडपातळ ७ मिमी किटात क्रॉस छापाची रिफिल असते, तिला स्प्रिंग नसते. तिथे टोकाचं आतबाहेर बहुतेक यावर ठरतं की ट्विस्टचा भाग खालच्या दांड्यात किती दाबून बसवलाय. टोक पुरेसं बाहेर येत नसेल तर थोडं थोडं दाबत, दर वेळी रिफिल घालून बघा. टोक आत जात नसेल तर तो भाग जास्त दाबला गेलाय. तो मागे ठोकून काढावा लागतो, म्हणून दाबताना घाई नको. अशा पेनात रिंगेची गरज सहसा पडत नाही.

दुसरी गोष्ट काकांच्या बाजूची. पेनात नळीच नसेल, नुसतं लाकूड पोखरून भोक पाडलं असेल, तर भोक रुंदीत आखडून लंबगोल होतं आणि रिफिल घट्ट अडकते. तिथे लाकूड आखडलं म्हणणं बरोबर आहे. पण रिफिल तेव्हा घट्ट होते, टोक बाहेर राहत नाही.

बंद पेनाचं टोक किती मिलिमीटर बाहेर आहे आणि आत नळी आहे की नाही, एवढं खाली लिहा. रिंग किती जाडीची आणि कुठल्या सांध्यात घालायची ते सांगतो.