सहसंबंध दिले, गिब्ज माप सापडेना

प्रश्न : जाळीवरच्या ±१ स्पिनांचे (प्रत्येक बिंदूवर +१ किंवा −१ असणाऱ्या चलांचे) जोडीजोडीचे सहसंबंध ठरवून आम्ही त्यांच्याशी जुळणारा आयसिंग प्रकारचा गिब्ज माप (जोड्यांच्या ऊर्जेवरून रचनांची संभाव्यता ठरवणारे वितरण) शोधतो. सहसंबंधांच्या मॅट्रिक्सच्या सर्व आयगेनव्हॅल्यू धन आहेत, तरी कपलिंग (जोडीतल्या स्पिनांच्या परस्परक्रियेचे बळ) दर फेरीला फुगतच जाते. प्रोग्राम चुकतोय का?

उत्तर : प्रोग्रामला बोल लावण्याआधी आकडे तपासा. आयगेनव्हॅल्यूंची अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. तीनच स्पिन घ्या, सरासरी शून्य, प्रत्येक जोडीचा सहसंबंध स. आयगेनव्हॅल्यूंची अट फक्त स ≥ −१/२ एवढेच मागते. पण तीन ±१ ची बेरीज नेहमी विषम, म्हणून तिचा वर्ग १ पेक्षा कमी होतच नाही. त्यामुळे त्या वर्गाची सरासरी ३ + ६स ≥ १, म्हणजे स ≥ −१/३. स = −०.४ असेल तर गिब्ज सोडाच, कुठलाच संभाव्यता-माप मिळणार नाही.

कपलिंग क (तापमानाच्या एककात) आणि क्ष म्हणजे ई चा ४क घात धरला, तर स = (क्ष − १)/(क्ष + ३). स = −०.२ ला क्ष = १/३, क ≈ −०.२७५; व्यवस्थित उत्तर. स = −१/३ ला क्ष शून्य. माप आहे (तिन्ही सारखे नसलेल्या सहा रचना समसंभाव्य), पण त्याला सांत कपलिंग नाही. तुमचे आकडे बहुधा शक्य सहसंबंधांच्या अशाच कडेवर किंवा कडेपलीकडे आहेत.

एकाच नमुनासंचातून काढलेले सहसंबंध कडेपलीकडे जात नाहीत, कारण तो संचच एक माप आहे. वेगवेगळ्या जोड्यांसाठी वेगवेगळे नमुने वापरले की मात्र घोळ होतो. कडेवर अडकला असाल तर सहसंबंधांना (सरासरी शून्य नसेल तर सहप्रसरणांना) ०.९९ ने गुणा. सरासरी तीच ठेवून हे स्वतंत्र स्पिनांशी मिसळणे झाले, आणि आकडे आत सरकतात. पलीकडे गेलेल्यांना एवढ्याने भागत नाही, −०.४ ला ५/६ हून लहान गुणक लागेल.

प्रश्न : द्रवाच्या जोडी-वितरणावरून (दोन कण कोणत्या अंतरावर किती वेळा सापडतात त्यावरून) पोटेन्शियल, म्हणजे कणांच्या जोडीची परस्परक्रिया-ऊर्जा, एकमेव ठरते ना?

उत्तर : हेंडरसन यांचा १९७४ चा निष्कर्ष एकमेवतेचा आहे (तापमान व घनता ठरलेली, स्थिरांकाचा फरक सोडून). अस्तित्वाची हमी त्यात नाही. यामादा यांची अट आधी लावून पाहा : एखाद्या खिडकीत (द्रवातल्या ठरावीक आकाराच्या भागात) सरासरी २.५ कण येत असतील तर संख्येचे प्रसरण किमान ०.२५ हवे, कारण कण अर्धे येत नाहीत. लहानमोठ्या खिडक्या घेऊन पाहा. एका आकाराला पास झालेले वितरण दुसऱ्याला नापास होऊ शकते.