ताडोबाजवळच्या वावरात जुनी कॅराव्हॅन: पैसे लावावे का?

भाऊ, तुमचा प्लॅन मला समजला तो असा. नागपूरच्या एका भंगारवाल्याकडे जुनी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची राहण्याची ट्रेलर, १ लाख ६० हजारात मिळते, फॅब्रिकेशनवाला साडेतीन लाखांत नवीकोरी करून देतो म्हणतो, मग ती कोलारा गेटकडच्या तुमच्या वावरात उभी करून सफारीवाल्यांना भाड्याने द्यायची. ३ लाखांची एफडी मोडायची, बाकी वहिनींच्या सोन्यावर कर्ज. नुसत्या कापूस-सोयाबीनवर न राहता दुसरी आवक शोधताय हे मला मनापासून आवडलं. पण आता जसं ठरवलंय तसं करू नका.

पहिले कागद पाहा. ट्रेलरची स्वतःची आरसी (नोंदणीचा कागद) असते, चासी नंबर जुळला नाही किंवा नोंदणीच रद्द झाली असेल तर ना इन्शुरन्स मिळणार ना रस्त्यावर आणता येणार. तुम्ही म्हणाल मले कुठं फिरवायची आहे, ती तर वावरातच राहणार. अहो, मग जी गाडी हलणारच नाही तिच्या ॲक्सल, टायर, स्प्रिंगवर पैसा कशाला? पाहुण्याला लागतं ते संडास-बाथरूम, पाणी, लाईट आणि थंडावा, आणि तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये यातलं काहीच नाही.

वाघ पाहायला लोक एप्रिल-मे मध्येच जास्त येतात, तेव्हा चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या डब्यात एसीशिवाय कोणी झोपणार नाही. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर धंदा चालत नाही, वेगळं मीटर घ्यावं लागेल. शिवाय जुन्या कॅराव्हॅनचा बाहेरचा पत्रा चांगला दिसतो, पण छताच्या जोडातून आणि खिडकीच्या रबरातून वर्षानुवर्षं पाणी झिरपून आतली लाकडी फ्रेम बऱ्याचदा सडलेली असते, ते उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून साडेतीन लाखांवर निदान १ लाख जास्तीचे धरा. संडास-सेप्टिक टँक, टाकी, मीटर, एसीचे दीड लाख. एकूण झाले ७ लाख ६० हजार.

आता आवक. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, एरवीही मंगळवारी सफारी नाही. पहिल्या वर्षी ७० रात्री भाड्याने गेल्या, २,५०० भाडं, तर १ लाख ७५ हजार. धुणं, साफसफाई, वीज रात्रीला ७०० धरले तर ४९ हजार गेले, वर्षाची डागडुजी २६ हजार, हातात राहिले १ लाख. म्हणजे पैसे वसूल व्हायला व्याज न धरता साडेसात वर्षं. सोनं तर बहुतेक ठिकाणी वर्षभरातच सोडवायचं असतं, ते कशातून सोडवणार? अवकाळीने तुरीचं नुकसान झालं किंवा घरात कोणाला दवाखाना लागला तर तेच सोनं कामी येतं, त्याला हात लावू नका. पीककर्जाचा पैसाही इकडे वळवू नका, ३ लाखांपर्यंतचं वेळेत फेडलं तर आपल्याकडे ते जवळपास बिनव्याजी पडतं, ती सवलत घालवू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही. बफरला, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलपट्ट्याला, लागून असलेल्या वावरात रात्री बाहेरगावचं कुटुंब झोपवायचं, लेकरं घेऊन, ते संडासला बाहेर निघाले आणि समोर वाघ आला तर? तिथल्या कास्तकाराला अंधारात कसं वागायचं ते माहीत असतं, पुण्या-मुंबईच्या माणसाला नसतं. वनविभाग आणि ग्रामपंचायत काय म्हणतात ते लेखी घ्या, सातबाऱ्यावर जमीन भोगवटादार वर्ग-२ (सरकारी परवानगीशिवाय विकता किंवा दुसऱ्या कामाला वापरता न येणारी) आहे का तेही पाहा.

मी असं करेन. गावातल्या घराला लागून जी रिकामी खोली आहे म्हणता, ती दीड लाखात नीट करा, स्वच्छ संडास, कूलर, चांगल्या गाद्या, आणि पर्यटन संचालनालयाकडे होमस्टे म्हणून नोंदवा. उरलेली दीड लाखाची एफडी तशीच ठेवा. वहिनींच्या हातचं झुणका-भाकर आणि वांग्याचं भरीत वेगळ्या पैशात द्या, ती कमाई भाड्यापेक्षा कमी नसेल. ऑक्टोबर ते जून एक सीझन चालवून किती रात्री भाड्याने गेल्या ते वहीत लिहा, पन्नास-साठच्या वर गेल्या तर मग केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेच्या किशोर गटातून ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मागता येईल आणि बँकेला दाखवायला तुमच्याकडे ती वही असेल. तोवर भंगारवाल्याला बयाणा देऊ नका, दिला असेल तर आरसीची झेरॉक्स मागून मला पाठवा.