साखरेचं मागून पाहू, आधी बाबांचे पाय बघ

'ताई, मी नागपूरला नोकरीला आहे. आई-बाबा गावी, आर्वी तालुक्यात. बाबांचं वय 58, शुगर 11 वर्षांपासून. पण ऐकतील तर शपथ! दिवसातून पाच-सहा वेळा गोड चहा, खर्रा सुटत नाही, गोळ्या आठवल्या तर घेतात. मी ओट्स पाठवले, ते आईने गाईला घातले. सकाळी फिरायला जा म्हटलं की हसतात. "मले काई झालं नाई" हे एकच उत्तर. इतके निष्काळजी की परवा वावरातून आले तर एका पायात चप्पल नव्हती, आणि आईने विचारेपर्यंत त्यांना पत्ता नाही! रोज फोनवर वाद होतो. आता तर माझा फोन आला की ते आईच्या हातात देतात. त्यांना कसं समजावू?'

बाई गं, चहा, खर्रा आणि ओट्स यांवर तू भरभरून लिहिलंस आणि खरी गोष्ट एका ओळीत उडवून लावलीस. वर तिला निष्काळजीपणा म्हणालीस. पायातली चप्पल निसटते, माणूस ढेकळांतून तसाच घरी येतो आणि त्याला कळत नाही, हा स्वभावाचा दोष नव्हे. त्या पायाची जाणीव गेली असावी. मला तुझा राग आला आहे, कारण ही ओळ लिहूनही तू परत साखरेवरच गेलीस.

वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नस आधी. कालव्याला पाणी कमी पडलं की पहिला फटका टेलच्या वावराला बसतो, तसंच हे. बोटांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं. काहींना मुंग्या येतात, आग होते; पण पुष्कळांना काहीच होत नाही, आणि तेच जास्त घातक. बोटांचे बारीक स्नायूही ढिले पडतात, म्हणून अंगठ्याची चप्पल धरून ठेवता येत नाही. 'मले काई झालं नाई' असं बाबा म्हणतात ना, ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच काही जाणवत नाही.

आता त्यांचं वावर डोळ्यांसमोर आण. पऱ्हाटी उपटल्यावर उरलेले खुंट, तुरीचे टोकदार बुडखे, बाभळीचे काटे. तुला काटा रुतला तर तू जागच्या जागी बसशील. ते संध्याकाळपर्यंत त्याच काट्यावर चालतील. वर ओली काळी माती. चार दिवसांनी पू, मग सूज, मग हाडापर्यंत. शुगरवाल्या माणसाचं बोट किंवा पाय कापावा लागतो, त्यामागे बहुतेक वेळा अशीच एक न दुखलेली जखम असते. खर्ऱ्यातल्या तंबाखूने पायाकडे जाणारा रक्तपुरवठा आणखी घटतो, मग भरून येणारी जखमही भरत नाही.

म्हणून एकच काम कर. या शनिवारी एसटी पकड आणि गावी जा. फोनवर हे होणार नाही.

बाबा वावरातून आल्यावर न्हाणीत पाय धुतातच. धुऊन पुसून झाले की त्यांना खाटेवर आडवं कर, डोळे मिटायला सांग. तुझ्या बोटाच्या टोकाने त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी हलका स्पर्श कर, एक-दोन सेकंद. दाबू नको, घासू नको, टिचकी मारू नको. स्पर्श कळला की त्यांनी फक्त 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. उजव्या पायाचा अंगठा, मग करंगळी. डाव्याचा अंगठा, करंगळी. मग उजव्याचं मधलं बोट आणि डाव्याचं. एकूण सहा जागा, प्रत्येक एकदाच. चुकली तर पुन्हा विचारायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त जागा कळल्या नाहीत, तर जाणीव कमी झाली आहे असं धर. सुई-टाचणीने तपासू नको, त्यानेच जखम व्हायची.

त्यानंतर गप्प बस. 'मी सांगत होते ना' हे तोंडातून निघालं की सगळं वाया गेलं. शुगरचा आकडा कागदावर असतो, त्याच्याशी वाद घालता येतो. लेक बोट लावते आहे आणि आपल्याला कळत नाही, याच्याशी नाही. ते त्यांना स्वतःलाच समजू दे.

मग टॉर्च घेऊन तळवे बघ, बोटांच्या बेचक्या उघडून बघ. पांढरी ओली कातडी, भेगा, घट्टा, घट्ट्याखाली काळसर डाग. दोन्ही पायांना हात लाव. एक पाय गरम आणि सुजलेला असेल, तर जखम नसली तरी थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. जखम दिसली तर स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी करायची, स्वच्छ गॉज बांधायचं. हळद, चुना, राख काही नाही, आणि त्या पायावर चालणं बंद. लाली पसरते आहे, वास येतो आहे, बोट काळं पडतं आहे किंवा ताप आहे, तर त्याच रात्री गाडी करून निघा.

काही सापडलं नाही तरी सोमवारी एक दिवस सुट्टी टाक आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात ने. शुगरच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. डॉक्टरांसमोर बसण्याआधीच दोन्ही चपला काढून ठेव, नाहीतर गर्दीत पाय बघायचे राहून जातात. चप्पल निसटल्याचं सांग. नायलॉनच्या धाग्याने जाणीव तपासतात, पायावरची नाडी बघतात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर जीवनसत्त्व ब-12 तपासायचं का तेही विचार. या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पाय बधिर होतात. पुढे पाठवलं तर वर्धा जिल्ह्यातच सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे.

घरी रोजची पाहणी आईकडे सोपव, पाय धुतल्यावर दोन मिनिटं. अंघोळीचं पाणी किती गरम ते आईने कोपर बुडवून बघायचं, बाबांनी पाय घालून नाही. तळव्याला खोबरेल लावायचं, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची, घट्टा ब्लेडने खरवडायचा नाही. थंडीत शेकोटीकडे पाय पसरायचे नाहीत. अनवाणी तर अंगणातही नाही; मे महिन्यात देवळाची फरशी पाय भाजते आणि त्यांना कळणार नाही. शेगावला पायदळ जाणाऱ्यांतले असतील, तर यंदाचं डॉक्टरांना विचारून ठरवा.

सकाळच्या फिरण्याचा विषय तू कायमचा सोड. दिवसभर वावरात चालणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायचं म्हणजे त्याच्या कष्टांकडे पाहिलंच नाही असं होतं, म्हणून ते हसतात. साखर आणि खर्रा सोडायचाच आहे. गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही, पण पुढची पडझड त्यानेच मंदावते. फक्त तो विषय पाय दाखवून झाल्यावर काढ. तेव्हा त्यांना कारण माहीत असेल.

अंगठ्याची चप्पल आता बंद. पुढून रुंद, मागे पट्टा असलेली, आत मऊ एमसीआर रबराचा तळ असलेली घ्यायची. वावरात बंद बूट आणि पांढरे सुती मोजे; पांढरे अशासाठी की रक्त किंवा पू लागला तर डाग दिसतो. घालण्याआधी हात घालून आत खडा आहे का बघायचं. नवी जोडी पहिल्या दिवशी तासभरच. माप आजच मागव. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, दोन्ही पाय कागदावर ठेवून पेन्सिलने रेघ ओढायला आईला सांग.