वहीभर नुसते सॅक्सोफोन

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवते. मुलाने मला मुंबईत पहिल्यांदाच जॅझच्या मैफलीला नेलं. वही सोबत होतीच. घरी येऊन पाहते तर पानोपानी सॅक्सोफोन आणि टोप्या! जे ऐकलं ते कुठेच नाही. ते चित्रात उतरवायचं कसं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बाई, तसल्या चार वह्या माझ्या माळ्यावर पडून आहेत. कामाचं पान त्यांत एकच. त्या रात्री खांबाआड जागा मिळाली होती, कागदही धड दिसत नव्हता. ड्रमवाला तारेचे ब्रश ड्रमवर गोल गोल फिरवत होता, पाट्यावर वाटण वाटल्यासारखा आवाज. नाइलाजाने कोळसा त्या आवाजामागे फिरवत राहिले. माणूस उमटलाच नाही, घासणं तेवढं उमटलं.

पीट मोंद्रियानचं 'ब्रॉडवे बुगी-वुगी' पाहा (१९४२-४३). १९४० मध्ये हा डच चित्रकार न्यूयॉर्कला आला तेव्हा ६८ वर्षांचा होता, आणि तिथे बुगी-वुगी या जॅझच्या नात्यातल्या पियानोवादनाच्या नादीच लागला. 'कॅफे सोसायटी' क्लबात जाऊन ऐकायचा. या वादनात डावा हात तेच ते आवर्तन घोळवत राहतो, चार मात्रांत आठ ठोके. आपल्या तबला सोलोमागचा लेहराच म्हणा ना. उजवा हात मात्र त्यावर मोकाट, मध्येच ठोका चुकवून पुढे पळणारा.

आता १२७ सेंटिमीटरच्या त्या चौरसात पियानो शोधा. नाही सापडणार. वर्षानुवर्षं त्याच्या चित्रांना धरून ठेवणाऱ्या काळ्या रेषाही गेल्या. राहिल्या पिवळ्या पट्ट्या, आणि त्यांच्यावर लाल, निळे, करडे चौकोनी तुकडे. डोळा एकावर टेकतो न टेकतो तोच दुसरा त्याला ओढतो. नावात रस्ता आहे म्हणून लोक त्यात टॅक्स्या बघतात. मला मात्र तो डावा हातच दिसतो.

न्यूयॉर्कमध्ये तो रंगीत कागदी पट्ट्या कॅनव्हासवर चिकटवून हलवत बसायचा. १९४४ मध्ये तो गेला तेव्हा 'व्हिक्टरी बुगी-वुगी' अपुरंच होतं, पट्ट्या तशाच चिकटलेल्या.

तुमच्या कपाटात घोटीव कागद असेलच. बुगी-वुगी वाजवणाऱ्या मीड लक्स लुईस या पियानोवादकाचं रेकॉर्डिंग लावा. आधी एकाच रंगाच्या पट्ट्या, फक्त डाव्या हातासाठी. मग उजव्या हाताचे तुकडे वर सरकवत राहा. आणि गोंदाची बाटली तोवर दुसऱ्या खोलीत ठेवा.