मधमाशीच्या आतड्यातला जिवाणू ‘नवा’ म्हणण्याआधी

१६एस या जनुकाचं (जिवाणू ओळखायला तेच वाचतात) माहीत असलेल्या प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांखाली आलं म्हणून लगेच नाव शोधायला बसू नकोस. पूर्ण जीनोम वाचून घे. जवळच्या प्रजातींशी एएनआय, म्हणजे दोन जीनोममधलं सरासरी साम्य, ९५ टक्क्यांखाली असेल, तरच निर्धास्तपणे पुढे जा.

पण सगळ्यात आधी कल्चर, म्हणजे प्लेटवर वाढवलेला जिवाणू, शुद्ध आहे ना ते बघ. एकाच वसाहतीवरून प्लेटवर पुन्हा पुन्हा रेघा ओढ. आतड्यातले जिवाणू एकमेकांना बिलगून येतात. माझे दोन महिने त्यातच गेले. वाढच होत नसेल तर ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेव, मधमाशीतला स्नॉडग्रासेला अल्वी हा जिवाणू तसाच वाढवतात.

टाइप स्ट्रेन, म्हणजे नव्या प्रजातीचा अधिकृत नमुना, दोन वेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत ठेवावाच लागतो. त्यातला एक पुण्याचं एनसीएमआर (राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र) असू शकतं. नमुना ठेवल्याची प्रमाणपत्रं यायला वेळ लागतो, तेव्हा लेख लिहायला घेण्याआधीच कल्चरच्या नळ्या पाठव.